मुलामा : वरचे तांबे आणि आतला धातू

उर्दूत 'मुलम्मा' हा शब्द रोजच्या वापरातला आहे. मूळ अरबी, अर्थ चमकवलेले. मराठीत आल्यावर त्याचा 'मुलामा' झाला आणि सोन्याच्या मुलाम्यापासून गोड बोलण्याच्या मुलाम्यापर्यंत सगळीकडे रुळला. 'कल्हई'चेही तसेच. अरबीत कथलाला 'कलई' म्हणतात. कथलाचा थर देण्याचे काम ती कल्हई. एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढवण्याचे दोन्ही शब्द आपण त्याच भाषेतून घेतले, यावरून हा हुन्नर कोणत्या बाजारांतून, कोणत्या कारागिरांच्या हातून आपल्यापर्यंत आला याचा अंदाज येतो.

दहावीच्या मुलांना विज्ञानात 'धातुविज्ञान' हा धडा आहे. धातू गंजू नये म्हणून जस्तविलेपन, कथिलीकरण, विद्युत विलेपन असे उपाय त्यात येतात. मुले व्याख्या पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि विसरतात. खरे तर यातले विद्युत विलेपन, म्हणजे विजेने मुलामा देणे, आई-वडिलांच्या देखरेखीखाली घरी करून पाहता येते. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तासांचे काम आहे. मात्र ते करताना काय करू नये आणि झाल्यावर त्या वस्तूला काय म्हणावे, हे दोन्ही मुलांना शिकवायला हवे. आजचा लेख त्यासाठीच.

नाशिकची भांडी आणि कल्हई

नाशिकच्या जुन्या गावात भांडी बाजार आणि तांबट लेन ही नावे अजून टिकून आहेत. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर पूर्वीपासून ओळखले जाते. आपल्या घरांतही तांबे होतेच. बिर्याणीची देग, मोठे पातेले, वुजूसाठी टोटीचा लोटा, पाण्याचा हंडा. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी पिवळ्या धातूच्या, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यातील पाण्याने वुजू केल्याची नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाण्यापिण्यास जशी मनाई आहे, तशी तांब्याला नाही.

पण जुन्या माणसांनी तांब्याच्या देगीत कल्हईशिवाय कधी शिजवले नाही. भांडे तापवायचे, आतून नवसागराची पूड फिरवून स्वच्छ करायचे, मग कथलाची कांडी टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सर्व बाजूंनी पसरवायचे. तांबे वितळायला सुमारे १०८५ अंश सेल्सिअस तापमान लागते, कथील २३२ अंशांवरच वितळते. म्हणून भांड्याला धक्का न लागता आतून पांढराशुभ्र थर बसतो. दही, चिंच, टोमॅटो यांची आंबट आम्ले तांब्याला लागली की तांबे अन्नात उतरते, मळमळ आणि उलट्या होतात. कल्हई हे टाळते. म्हणजे देगीवरचा हा मुलामा दिखाव्यासाठी नव्हता, जेवणाऱ्याच्या जिवासाठी होता.

द्राक्षबागेतला खिळा

तांब्याचा मुलामा विजेशिवायही बसतो, आणि हे नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना पुस्तक न वाचता माहीत आहे. निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत केवडा रोगावर बोर्डो मिश्रण फवारतात. फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८५च्या सुमारास हे मिश्रण प्रसिद्ध झाले. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असे साधारण प्रमाण असते. मोरचूद म्हणजे उर्दूतला नीला थोथा, रसायनशास्त्रातले कॉपर सल्फेट.

मिश्रण तयार झाले की शेतकरी त्यात स्वच्छ लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते थोडा वेळ बुडवून पाहतो. लोखंडावर तांबूस थर आला तर पाण्यात मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना कमी पडला. तसेच फवारले तर पाने भाजतील. मग तो आणखी चुना घालतो. याच कारणाने बोर्डो मिश्रण लोखंडी पिंपात न करता प्लास्टिकच्या पिंपात करतात.

खिळ्यावर काय घडले? लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील धातू आहे. लोखंड स्वतः पाण्यात विरघळते आणि पाण्यातले तांबे धातुरूपात बाहेर ढकलते. ते खिळ्यावर बसते. चीनमध्ये ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. नंतर किमयागारांना यात लोखंडाचे तांबे झाल्याचा भास होत असे. प्रत्यक्षात एका धातूचा दुसरा होत नाही, फक्त जागांची अदलाबदल होते. नवव्या-दहाव्या शतकातले हकीम अबू बक्र अर-राझी यांनी आपल्या ग्रंथात खनिज पदार्थांचे वर्ग पाडले, त्यांत 'ज़ाज' म्हणजे मोरचूद, हिराकस यांसारख्या पदार्थांचा स्वतंत्र वर्ग केला. किमयेच्या धुक्यातून रसायनशास्त्र बाहेर आले ते अशा निरीक्षणांतून.

खिळ्यावरचा हा थर मात्र कच्चा असतो. बोटाने घासला तरी निघतो. पक्का थर हवा तर तांबे हळूहळू आणि एकसारखे बसवावे लागते. ते काम वीज करते.

वीज काय करते

तांब्याचे क्षार असलेल्या पाण्यात दोन धातू समोरासमोर ठेवायचे. तांब्याचा तुकडा सेलच्या धन टोकाला, मुलामा द्यायची वस्तू ऋण टोकाला. वीज वाहू लागली की तांब्याच्या तुकड्यातून कण सुटून पाण्यात येतात आणि पाण्यातले कण वस्तूवर जाऊन बसतात. एका बाजूने जेवढे गेले तेवढेच दुसऱ्या बाजूला जमा, असा हा चोख हिशेब असतो.

हा हिशेब मायकेल फॅरेडे यांनी १८३०च्या दशकात नियमांत बसवला. १ अँपिअर वीज १ तास वाहिली तर सुमारे १.१९ ग्रॅम तांबे बसते. घरच्या प्रयोगात वीज फार थोडी असते. समजा ५० मिलिअँपिअर वीज अर्धा तास दिली, तर जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम तांबे बसेल. किल्लीचा पृष्ठभाग १५ चौरस सेंटिमीटर धरला तर थराची जाडी भरते मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा भाग. हे गणित मुलांकडून करवून घ्यावे. पूर्ण तांबडी दिसणारी किल्ली प्रत्यक्षात किती कमी तांब्याची आहे, हे त्यांना त्यातून कळते.

इतिहासात पाहिले तर १८०५मध्ये इटलीच्या ब्रुन्यातेल्ली यांनी विजेने सोन्याचा मुलामा दिला, १८३८मध्ये रशियात याकोबी यांनी तांब्याचे थर साच्यांवर चढवून हुबेहूब नकला काढल्या आणि १८४०मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये एल्किंग्टन यांनी चांदीच्या मुलाम्याचे पेटंट घेतले. आज इंग्लंडची १ आणि २ पेन्सची नाणी, युरोपातली १, २ आणि ५ सेंटची नाणी पोलादाची असून वर तांब्याचा थर आहे. अमेरिकेची पेनी १९८२पासून मुख्यतः जस्ताची आहे. आपल्या सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतही सुट्या भागांवर मुलामा देणारे कारखाने आहेत. तिथे अनेक घरांतले तरुण काम करतात.

इथे मोबाइलवर फिरणाऱ्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवे. १९३६मध्ये बगदादजवळ एक मातीचे मडके सापडले. त्यात तांब्याची नळी आणि लोखंडाची कांडी होती. त्यावरून 'बगदाद बॅटरी' आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा विजेचा मुलामा अशी कथा पसरली. ती मडकी इस्लामपूर्व काळातली आहेत. त्यांच्यासोबत विजेने मुलामा दिलेली एकही वस्तू सापडलेली नाही. त्या भागातल्या जुन्या मुलाम्याच्या वस्तू पारा आणि अग्नी वापरून केलेल्या आहेत. आपल्या पूर्वजांची खरी कामगिरी एवढी मोठी आहे की तिला अशा कथेची गरज नाही.

पवित्र कुरआनात तांब्याचा उल्लेख येतो. सूरह सबामध्ये हजरत सुलैमान (अ.) यांच्यासाठी वितळलेल्या तांब्याचा झरा वाहता केल्याचे सांगितले आहे. सूरह कहफमध्ये जुलकरनैन लोखंडाचे तुकडे रचून, ते लालबुंद करून त्यांवर वितळलेले तांबे ओततात आणि त्रस्त लोकांसाठी अभेद्य भिंत उभी करतात. यातून ओढूनताणून विज्ञानाचे धडे काढू नयेत. पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. जुलकरनैन त्या कामाचे मोल घेत नाहीत आणि काम पुरे झाल्यावर ही आपल्या रबची कृपा आहे असे म्हणतात. हुन्नराचा वापर कशासाठी करावा, याचे ते उदाहरण आहे.

घरी करून पाहू

साहित्य : एक जुनी पितळी किल्ली, २५० मिलिलिटर पांढरा सिरका म्हणजे व्हिनेगर, चिमूटभर मीठ, सोललेली जाड तांब्याची तार, १.५ व्होल्टचे दोन सेल, क्लिप लावलेल्या दोन वायरी, काचेची जुनी बरणी, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. ही बरणी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे आधीच ठरवावे.

आधी पाणी तयार करावे. सिरक्यात मीठ विरघळवून तांब्याच्या तारेची दोन वेटोळी त्यात एकमेकांना न लागतील अशी सोडावीत आणि दोन सेल जोडून वीज द्यावी. तास-दोन तासांत पाण्याला फिकट निळी झाक येते. तळाशी काळसर भुकटी पडली असेल तर पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. या वेळी बुडबुडे येतात, त्यांत हायड्रोजन असतो. म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळ गॅस किंवा अगरबत्ती पेटलेली नको.

दुसरे काम स्वच्छतेचे, आणि निम्मे यश त्यातच आहे. किल्ली बारीक पॉलिश पेपरने घासावी, भांड्यांच्या साबणाने धुवावी. मग पाणी ओतून पाहावे. पाण्याचा पापुद्रा सगळीकडे सलग राहिला तर किल्ली स्वच्छ. थेंब थेंब होऊन फुटला तर अजून तेलकटपणा आहे. यानंतर उघड्या बोटाने किल्लीला स्पर्श करू नये. वुजूत नखाएवढी जागा कोरडी राहू नये म्हणून आपण जशी काळजी घेतो, तशीच इथे घ्यावी लागते. जिथे बोटाचा ठसा, तिथे तांबे धरणार नाही.

आता एकच सेल जोडावा. तांब्याची तार धन टोकाला, किल्ली ऋण टोकाला. आधी वीज जोडावी आणि मग किल्ली बुडवावी. पाच-पाच मिनिटांनी किल्ली बाहेर काढून धुवावी, हलके घासावी, बाजू फिरवून परत बुडवावी. वीस ते तीस मिनिटांत पिवळी किल्ली गुलाबी-तांबूस होते. थर काळपट आणि भुकटीसारखा आला तर वीज जास्त झाली; तार आणि किल्ली यांतले अंतर वाढवावे. ९ व्होल्टची बॅटरी लावून घाई करणाऱ्यांना हाच काळा थर मिळतो. शेवटी किल्ली धुऊन, पुसून कोरडी करावी आणि थोडे मेण चोळावे, म्हणजे हवेने लवकर काळी पडणार नाही.

हे मात्र नको

भिंतीवरच्या प्लगची वीज, इन्व्हर्टरची बॅटरी किंवा कापलेला मोबाइल चार्जर कधीही वापरू नये. साधा सेल पुरेसा आहे.

धन टोकाला स्टीलचा चमचा लावू नये. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असते. ते पाण्यात उतरून अत्यंत विषारी रूप घेऊ शकते. क्रोम केलेले नळ, पत्र्याच्या जस्ती वस्तू, शिशाची वजने यांनाही या बरणीत जागा नाही. आणि स्टीलच्या वस्तूवर या पद्धतीने तांबे नीट धरतच नाही, म्हणून मुलाम्यासाठीही ती घेऊ नये.

निळे पाणी शरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. लहान मुलांना तो रंग शरबतासारखाच दिसतो. मोरचूद घरात असेल तर ती कुलपात असावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे : घरी मुलामा दिलेले काहीही खाण्यापिण्यासाठी वापरू नये. ग्लास नाही, चमचा नाही, जगही नाही. थर पातळ असतो, सुटतो, आणि त्यात क्षार अडकलेले असतात. पिण्याच्या पाण्यात तांबे किती असावे याला मर्यादा आहे. भारतीय मानकात इष्ट प्रमाण लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. किल्ली, बटण, फोटोची चौकट, शोभेची वस्तू एवढ्यापुरताच हा प्रयोग ठेवावा.

उरलेले पाणी

प्रयोग संपला की मोरीत पाणी ओतून मोकळे होण्याची सवय असते. तांबे माशांसाठी आणि पाण्यातल्या बारीक जीवांसाठी अगदी थोड्या प्रमाणातही घातक असते. सातपूरच्या बाजूने येणारी नासर्डी, जिला आता नंदिनी म्हणतात, गोदावरीला मिळते. त्या नदीच्या अवस्थेबद्दल आपण नेहमी हळहळतो. एक बरणी आपणही तिच्यात टाकू नये. पाणवठा, रस्ता आणि लोकांच्या सावलीची जागा घाण करण्याविरुद्ध प्रेषित (स.) यांनी कडक इशारा दिला आहे. आपले गटारही शेवटी कोणाच्या तरी पाणवठ्याकडे जाते.

उपाय सोपा आहे, आणि तो द्राक्षबागेतल्या खिळ्यानेच शिकवलेला आहे. उरलेल्या पाण्यात साध्या लोखंडाचा तारेचा चोथा टाकून दिवसभर ठेवावा. तांबे लोखंडावर बसते, निळी झाक जाते. मग बुडबुडे थांबेपर्यंत थोडा थोडा खाण्याचा सोडा घालावा आणि पाणी गाळावे. गाळलेले पाणी भरपूर पाण्यासोबत सोडता येते. वरचा गाळ आणि चोथा वाळवून, पिशवीत बांधून, त्यावर 'घातक कचरा' असे लिहून घंटागाडीवाल्या दादांना वेगळा द्यावा. ते हाताने कचरा वेगळा करतात. त्यांच्या हातांची काळजी हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.

ओळखायचे कसे

स्वतः मुलामा देऊन पाहिलेले मूल बाजारात सहज फसत नाही. आणि फसवणुकीची जागा मोठी आहे. तांब्याच्या भांड्यांतले पाणी पिण्याची हौस वाढली, तशा स्वस्त 'तांब्याच्या' बाटल्याही आल्या. त्यांतल्या काही दुसऱ्या धातूच्या असून वर फक्त थर असतो. त्याहून धोकादायक म्हणजे विजेच्या वायरी. आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचे आवरण असलेली तार शुद्ध तांब्याची म्हणून विकली जाते. ती तांब्यापेक्षा कमी वीज वाहते, त्याच भाराखाली जास्त तापते, जोडांवर सैल होते. घराला आग लागण्याचे ते कारण होऊ शकते.

तारेचे टोक पॉलिश पेपरने घासावे किंवा आडवे कापून पाहावे. आत पांढरे दिसले तर ती तांब्याची नाही. वायरवर आयएसआय चिन्ह पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. भांड्याला चुंबक लावावे. तांबे चुंबकाला चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे. न चिकटले म्हणजे तांबेच असे मात्र नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम आणि जस्तही चिकटत नाहीत. तिथे वजनाची परीक्षा कामी येते. वस्तू आधी वजन करावी, मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात हवा न अडकता पूर्ण बुडवावी आणि बाहेर सांडलेले पाणी वजन करावे. पहिल्या वजनाला दुसऱ्याने भागावे. तांब्याला उत्तर ८.९च्या आसपास येते, लोखंडाला ७.९, जस्ताला ७.१, अ‍ॅल्युमिनियमला २.७. पितळेचे उत्तर तांब्याच्या जवळ येत असल्याने तिथे घरचा काटा पुरा पडत नाही.

ही परीक्षा आपल्या विद्वानांनी फार सूक्ष्म केली होती. अल-बिरूनी यांनी धातू आणि रत्नांची घनता मोजली. मर्व शहरातले अल-खाझिनी यांनी ११२१मध्ये 'मीज़ान अल-हिकमा' म्हणजे शहाणपणाचा तराजू या ग्रंथात अशा तराजूचे वर्णन केले, ज्याने धातू शुद्ध की भेसळीचा हे न कापता, न वितळवता कळावे. सराफाला त्याचा उपयोग होता, पण त्यामागे बाजारातल्या इन्साफची काळजीही होती.

मदिनेच्या बाजारातला प्रसंग सर्वांना माहीत आहे. प्रेषित (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. ओले धान्य विकायला तिथे मनाई नव्हती. ते कोरड्याखाली झाकायला होती. मुलाम्याचेही तसेच. कल्हईवाला सांगून कल्हई करतो, नाण्यावरचा थर सरकार जाहीर करते. तांबे म्हणून लोखंड विकणारा मात्र त्या ढिगाच्या मालकाच्या रांगेत बसतो.

म्हणून प्रयोगाचे शेवटचे काम लेखणीचे ठेवावे. मुलाने एका चिठ्ठीवर लिहावे : 'पितळी किल्ली, वर तांब्याचा थर, खाण्यापिण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नये,' खाली तारीख घालावी आणि ती चिठ्ठी किल्लीला बांधावी. दहावीच्या परीक्षेत त्याला त्या धड्याचे दोन गुण मिळतीलच, इन्शाअल्लाह. पुढे तो दुकानात बसला, कारखान्यात गेला किंवा वायरमन झाला, तर अशी चिठ्ठी बांधायची सवय त्याच्या रोजीला हलाल ठेवील.